शेडमागचा धूर

सन दोन हजार वीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माधवराव, तुम्ही अडुसष्टचे. म्हणजे मोठा मी. हे आधीच लिहून ठेवतो, कारण डब्लिनजवळच्या त्या ओंगारच्या घरात अकरा महिने तुम्ही मला लहान पोरासारखं शिकवलंत, आणि मी गाढवासारखा शिकलो.

मी चौथी नापास. कराडला पाण्याच्या मोटारी भरण्यात हयात गेली. जळलेली तार उपसायची, नवी वेढायची. तुम्ही पुण्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवलेले. तुमची मेघना माझ्या सुनीलला दिलेली म्हणून आपण व्याही झालो, नाहीतर तुम्ही माझ्या दुकानाच्या पायरीवरसुद्धा उभे राहिला नसता. इथल्या मराठी मंडळातली मुलं मला म्हणाली, "तात्या, माधवरावांवर दोन चांगले शब्द लिहा." चांगले शब्द त्यांनी लिहावेत. माझं तुमच्याशी भांडण आहे, आणि ते अर्ध्यात टाकून तुम्ही पळालात. लोक गेलात म्हणतात. मी पळालात असंच म्हणणार.

दोघंही नातवाच्या बारशाला आलो होतो, फेब्रुवारीत. मग विमानं बंद पडली आणि दोन व्याही एका खोलीत अडकले. खोली कसली, दोन पलंग लावले की दार अर्धंच उघडायचं. आमच्याकडे मुलाचा बाप आणि मुलीचा बाप एका पंक्तीला बसले तरी मध्ये चार माणसं असतात. इथं तुमचं घोरणं माझ्या उशाशी आणि माझी लुंगी तुमच्या खुर्चीवर. पहिल्याच दिवशी तुम्ही वाकून म्हणालात, "तात्यासाहेब, खिडकीकडचा पलंग तुम्ही घ्या. मान तुमचा." मी ताठ मानेनं घेतला. खिडकीतून किती गार वारं येतं हे तुम्ही आधीच बघून ठेवलं होतं.

माझी बिडीची बंडलं मार्चअखेर संपली. तुमची सिगरेट इथं मिळत होती, पण मेघनानं आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं, "तात्या, बाबा, घरात बाळ आहे. कपड्यांना वास जरी आला ना, तरी मी बाळ मांडीवर देणार नाही." बरोबरच बोलली. सुनीलनं पोस्टानं दोन ई-सिगरेटी मागवल्या. अंगठ्याएवढ्या जाड, काळ्या, बाजूला बटण, वर काचेची कुपी. कुपीत औषधासारखं पाणी ओतायचं. कापूस ते पाणी पितो, बटण दाबलं की कापसाभोवतीची तार तापते, आणि धुराऐवजी वाफ येते. जाळ नाही, राख नाही. मी म्हटलं, हे पोरांचं खेळणं आहे, आणि टेबलावर ठेवून दिलं.

तेव्हा तुम्ही उठलात. सगळ्यांसमोर बटण दाबून लांब श्वास घेतलात आणि म्हणालात, "मेघना, बघ. आजपासून सिगरेट बंद." मग माझ्याकडे वळून हळूच, "तात्यासाहेब, तुम्हाला नाही जमायचं. असल्या गोष्टीला थोडं डोकं लागतं."

त्या एका वाक्यावर मी नऊ महिने काढले.

बिडीची ओढ वेगळी असते, तुम्हाला काय ठाऊक. मुठीत धरून भराभर ओढावी लागते, जरा थांबलं की विझते. मी यंत्रही तसंच ओढलं. आतला कापूस करपला, घशाला जळक्या गोधडीची चव आली आणि मी खोकून खोकून सिंकवर ओणवा झालो. तुम्ही चष्मा काढून हसलात. "अहो तात्यासाहेब, पंप आहे का तो? सावकाश घ्या. चार सेकंद." आणि माझं मनगट धरून तुम्ही मोजलंत, एक, दोन, तीन, चार. माझं मनगट असं माझ्या बापानंही कधी धरलं नव्हतं. रोज सकाळी चहाच्या आधी आठवडाभर तुम्ही मोजलंत. हे मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर तुमच्याशी भांडायला सोपं गेलं असतं.

एप्रिलात सगळ्यात वाईट दिवस गेले. सुनीलबरोबर भाजीला गेलो होतो, दुकानाबाहेर फुटपाथवर कुणाचं तरी लांबलचक थोटूक पडलं होतं. मी वाकलो. खरंच वाकलो. एकाहत्तर वर्षांचा, चार माणसांत मानाचा माणूस. आणि तुम्ही डोळ्यांसमोर आलात. खुर्चीत पाय लांब करून, यंत्र बोटांत धरून, शांत बसलेले. म्हटलं, हा पुण्याचा मास्तर सोडतो आणि मी सोडू शकत नाही? चपलेचा अंगठा नीट करायलाच वाकलो होतो असं दाखवून मी सरळ झालो. त्या दिवसानंतर बिडी नाही, सिगरेट नाही.

मे महिन्यात दोन्ही यंत्रांच्या तारा जळाल्या आणि नव्या पोस्टात अडकल्या. मी सुईनं यंत्र उघडून बघितलं आणि मोठ्यानं हसलो. ही तर मोटारच! पाच वेढ्यांची बारकी मोटार. सुनीलनं तारेचं रीळ आणि कापूस मागवून दिला. तेव्हापासून दर रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं आणि दोघांची यंत्रं मी भरायची, हा आपला शिरस्ता झाला. तुम्ही पुण्याच्या नातेवाइकांना फोनच्या पडद्यावर दाखवलंत, "हे आमचे व्याही. इंजिनिअर आहेत." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

मग तुमची व्याख्यानं सुरू झाली. मंडळाच्या ऑनलाइन मेळाव्यात तुम्ही कागदावर चित्र काढून धूर आणि वाफ यांतला फरक समजावलात. सुनीलच्या लिमरिकच्या मित्रानं सिगरेट सोडून यंत्र घेतलं, त्याच्या बायकोनं तुम्हाला फोनवर नमस्कार सांगितला. शेजारचा डेक्लन, बस चालवणारा, त्याला तुम्ही कुंपणावरून इंग्रजीत पटवलंत आणि त्याची तार मी बसवून दिली. तो मेघनाला म्हणाला, "युअर मॅन इज अ जीनियस." इथल्या बोलीत म्हणजे, हा गडी भारी डोक्याचा. हे तुम्हाला उद्देशून की मला, यावरून आपण दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. आणि सगळ्यांना तुम्ही काय सांगायचात? "माझं काही नाही हो. मी फक्त उदाहरण घालून दिलं."

उदाहरण!

सप्टेंबरातल्या एका रविवारी मी यंत्रं उघडली. माझा कापूस चहाच्या फडक्यासारखा तांबूस. तुमचा पांढरा. मागचे दोन रविवारही तसाच होता, पण मी मनावर घेतलं नव्हतं. कुपीतलं पाणी जिथल्या तिथं. माधवराव, तुम्ही केमिस्ट्री शिकलात, पण चाललेली तार आणि बसून राहिलेली तार मला डोळे मिटून बोटाला कळते. माणसांसमोर दोन झुरके घ्यायचे आणि यंत्र खिशात ठेवायचं, एवढंच तुमचं चाललं होतं.

सोमवारी नऊ वाजता, मेघना वर मीटिंगला बसली तेव्हा, मी तुमच्या मागोमाग परसात आलो. लाकडी शेडच्या मागे, कुंपणाकडे तोंड करून, पालथ्या बादलीवर तुम्ही बसला होता. एका हातात सिगरेट, दुसऱ्या हातात मेघनाच्या डब्यातली खारी. पायाशी कावळा. आपल्याकडच्या कावळ्याची मान करडी असते, ह्याचं अंगच करडं आणि डोकं काळं, जणू कुणाची बंडी घालून आलाय. तुम्ही झुरका घेत होता आणि त्याला तुकडा टाकत होता. कुणी हाक मारली तर म्हणायला बरं, "पक्ष्यांना खाऊ घालतोय गं!" ही हाक आणि हे उत्तर मी उन्हाळाभर घरातून ऐकलं होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

तुम्ही दचकला नाहीत. "कधी सोडलीच नव्हती, तात्या." पहिल्यांदा साहेब गळला.

"मग मी शर्यत कुणाशी लावली होती?"

त्याचं उत्तर तुम्ही आजवर दिलेलं नाही. तुम्ही हात जोडलेत. म्हणालात, "तिची आई गेली तेव्हा मी मेघनाच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता, की सोडेन. तिला सांगू नका. मुलीचा बाप आहे मी, तिच्याच घरात राहतोय." मुलीच्या बापानं हात जोडले आणि मी वितळलो. आमच्या पिढीला हीच खोड. मी म्हटलं, "शब्द दिला. पण दिवाळीपर्यंत सोडा." कावळा आपल्या दोघांच्या मध्ये उभा राहून खारी खात होता.

दिवाळी झाली. तुम्ही सोडली नाहीत. पुढच्याच आठवड्यात मेघना शेडमध्ये कसलंसं खोकं आणायला गेली आणि खिळ्याला टांगलेल्या माझ्या रेनकोटाच्या खिशातून सिगरेटचं पाकीट घेऊन आली. तुम्हीच लपवलेलं, माझ्या कोटात. ती म्हणाली, "तात्या, हे काय आहे?"

मी तुमच्याकडे बघितलं. खिडकीजवळच्या निळ्या खुर्चीत तुम्ही बसला होता, मांडीवर बाळ. एक शब्द बोलायचा होता तुम्ही. मान खाली घालून तुम्ही बाळाचं टोपडं नीट केलंत आणि म्हणालात, "जाऊ दे मेघना. शिकलेलं माणूस नाही ते. समजावून काय उपयोग?"

मी उघडं पाडलं नाही. शब्द दिला होता. मेघनानं पाकीट स्वयंपाकघरातल्या प्रेसवर, म्हणजे कपाटावर, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. आणि त्या दिवसापासून माझ्या मांडीवर बाळ आलं नाही. ती भांडली नाही, ओरडली नाही. मी हात पुढे केला की म्हणायची, "राहू दे तात्या, त्याची झोपायची वेळ झालीय." दिवसातून सहा वेळा त्याची झोपायची वेळ व्हायची. तो दहा महिन्यांचा झाला, माझ्याकडे बघून हात पसरायचा आणि ती त्याला घेऊन जिना चढायची. ज्या नातवासाठी मी छपन्न वर्षांची बिडी सोडली, तो मला लांबून बघायला मिळायचा. तुम्हाला मात्र रोज मिळायचा. शेडमागून यायचं, हात धुवायचे, बडीशेप चघळायची, शर्ट बदलायचा आणि निळ्या खुर्चीत बसायचं.

पाकीट सापडलं त्याच दुपारी खोलीत तुम्ही म्हणालात, "तात्या, संक्रांतीला सांगतो. तिळगूळ तिच्या हातावर ठेवतो आणि सांगतो. तोवर थांबा." मी म्हटलं, "माझ्याशी बोलू नका." दोन महिने आपण बोललो नाही, ज्या खोलीत दार अर्धंच उघडतं त्या खोलीत. तुम्ही रोज सकाळी माझ्या उशाशी चहाचा कप ठेवायचात. मी तो सिंकमध्ये ओतायचो, तुमच्या देखत. आणि मनात एक वाक्य घोटत बसायचो. संक्रांतीला तुम्ही पुन्हा शेपूट घातलीत तर सगळ्यांसमोर म्हणायचं म्हणून. इतकं घोटलं की कापूस भरतानाही ओठ हलायचे.

आता ऐका, हेही तुम्हाला सांगायचं राहिलंय. माझी सुटली ती तुमच्या थापेवर. त्या फुटपाथवर मी सरळ झालो तो तुम्हाला बघून, आणि तिथं बघण्यासारखं काही नव्हतंच. तुम्ही खरं बोलला असता तर मी ते थोटूक उचललं असतं. म्हणजे आज माझी छाती जिन्यावर फुलत नाही, मेथीचा वास मला दारातून येतो, हे तुमच्या लबाडीचं दिलेलं. ह्याबद्दल तुमचे पाय धरावेत की गचांडी धरावी हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुतेक दिवशी गचांडीच.

जानेवारी. संक्रांत दोन दिवसांवर आलेली. नऊ वाजता मी तुम्हाला आठवण करून द्यायला शेडमागे गेलो. तुम्ही बादलीवरून घसरून कुंपणाला टेकला होता. खारी गवतात सांडलेली, कावळा कुंपणावर. तोंडावर काही त्रास दिसत नव्हता. दोन बोटांच्या मध्ये सिगरेट अजून जळत होती.

मी सुनीलला हाक मारली. आणि तो यायच्या आत ती सिगरेट तुमच्या बोटांतून काढून विझवली आणि माझ्या खिशात टाकली. का, ते मला विचारू नका. तुमच्यावर दया आली नव्हती. हात पुढे झाला, एवढं खरं. सुनीलनं छाती दाबली, अॅम्ब्युलन्सवाले आले, त्यांनीही दाबली. मेघना गुडघ्यांवर बसली होती. तिनं मान वर केली, माझ्या कोटाचा वास तिला आला. "तात्या, तुम्ही इथं ओढत होतात? बाबांच्या शेजारी बसून?"

मी खिशातल्या थोटकावर हात दाबून धरला. तुम्ही समोर पडून होता, आणि तेव्हाही माझ्या बाजूनं बोलला नाहीत.

दहाव्या दिवशी परसाच्या मधोमध मेघनानं पाट मांडला. भात, बटाट्याची भाजी, खारी, आणि ताटाच्या कडेला धुऊन पुसून तुमचं यंत्र. "बाबांनी शेवटी एवढं मनावर घेऊन सोडली," ती सुनीलला म्हणाली. गुरुजी पुण्याहून फोनच्या पडद्यावर. कावळा आला तो शेडच्या छपरावर बसला. खाली उतरेना.

मेघना हात जोडून म्हणाली, "बाबा, बाळाला मराठी शिकवीन." कावळा बसून. "बाबा, तुमची पुस्तकं कुणाला देणार नाही." बसून. "बाबा, मी रडणार नाही, बास?" रडतच म्हणाली. कावळ्यानं एकदा ताटाकडे बघितलं आणि पाठ फिरवून शेडच्या मागे बघत राहिला. तो काय बघतोय हे त्या परसात एकट्या मला ठाऊक होतं. आणि लपवत नाही, मला आनंद झाला. मनात म्हटलं, बसा उपाशी. तुमच्या त्या पांढऱ्या कापसाचा नैवेद्य घ्या आता. तास झाला. पाऊस भुरभुरायला लागला. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून स्पर्श द्या, चालतं." दिला. सुनील आत गेला. मेघना ओल्या गवतात बसूनच राहिली.

मी पाट उचलायला गेलो तेव्हा ती बोलली. दोन महिन्यांत पहिल्यांदा आरोप न करता. "तात्या, तुम्ही त्यांच्या खोलीत होतात. काय राहिलं हो बाबांचं? माझ्यावर राग होता का?"

तुम्ही माझा अपमान केलात ते मी सोसलं. पण पोरगी आता स्वतःला दोष देत बसणार, आणि तेही तुमच्या लपवाछपवीपायी? दिलेला शब्द त्या क्षणी मी परत घेतला. म्हटलं, "उद्या नऊ वाजता शेडमागे ये. सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्यानं ताट वाढून घेतलं. प्रेसवरचं पाकीट मेघनाच्या देखत खाली काढलं आणि शेडमागे गेलो. ती मागोमाग आली. बादलीशेजारी ताट ठेवलं, पाकिटातली एक सिगरेट तोंडात धरली आणि पेटवली. पेटवण्यापुरता एक झुरका घ्यावाच लागला. नऊ महिन्यांनी. बेचव निघाली तुमची सिगरेट. एवढ्यासाठी लेकीशी खोटं बोललात? मी ती जळती ताटाच्या कडेला ठेवली आणि खारी मोडली.

मोडल्याचा आवाज विरायच्या आत कावळा खाली आला. आमच्या दोघांच्या पायांत येऊन त्यानं भात उचलला, मग खारी.

मी बादली उचलून बाजूला केली. खाली महिनोन्महिन्यांची थोटकं, भिजून फुगलेली, सगळी एकाच जातीची.

मेघनानं वाकून एक थोटूक उचललं. "सगळी बाबांची?"

"मी ओढली असती तर बिडी ओढली असती," मी म्हटलं. "तुझ्यावर कसला राग नव्हता. त्यांना तुझी भीती वाटत होती."

"आणि तो कोट? ते पाकीट?"

तेव्हा मी घोटलेलं वाक्य म्हटलं, माधवराव. सोडलं नाही. तिच्याकडे नाही, ताटाकडे बघून म्हटलं. "जाऊ दे मेघना. शिकलेलं माणूस होतं ते. समजावून काय उपयोग?"

ती हसली की रडली ते मला नीट कळलं नाही. दोन्ही झालं असावं. मग पदर नसलेल्या त्या स्वेटरच्या बाहीनं तोंड पुसून आत गेली आणि बाळाला घेऊन परत आली. त्याला माझ्यापुढे धरलं. तो हात पसरून पुढे झुकला.

मी दोन पावलं मागे सरलो. म्हटलं, "थांब. कोटाला वास आहे."

मी आत गेलो. डोक्यावरून अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, बडीशेप खाल्ली नाही, कारण मला तिची गरज नव्हती. मग निळी खुर्ची ओढून तुमच्या फोटोच्या बरोबर समोर लावली, तुम्हाला सगळं दिसेल अशी, आणि नातवाला मांडीवर घेऊन बसलो.